नेट वाढवलं

मला राग लवकर येतो, आणि ज्याच्यावर यायला हवा त्याच्यावर तो सहसा येत नाही. त्या गुरुवारी तो आधी अंकुरवर आला, मग पांढुर्ण्याच्या बसवर, मग गुणवंतामामांवर. ज्या व्यक्तीवर यायला हवा होता ती बसमध्ये खिडकीजवळ मांडीवर लॅपटॉपची बॅग धरून बसली होती. म्हणजे मीच.

मी सौंसरला आई-बाबांकडे राहते आणि वरच्या खोलीत बसून पुण्याच्या एका लहानशा संस्थेचं काम करते. हे काम घरी कोणाला नीट सांगता येत नाही. बाबांनी एकदा चौकात सांगून टाकलं की मृणाल पूल तपासते. तेव्हापासून अर्ध्या गल्लीला मी पीडब्ल्यूडीत आहे असं वाटतं, आणि रामाकोन्याचे एक काका दर भेटीत विचारतात, आमच्या नाल्यावरचा कधी होईल?

माझे पूल दिसत नाहीत. काही देशांत सरकार इंटरनेटवर पहारा बसवतं. कोण काय वाचतं, कोणाशी बोलतं, ते बघितलं जातं आणि नको त्या वाटा अडवल्या जातात. अशा ठिकाणची माणसं आपली ओळख झाकणाऱ्या एका जाळ्यातून बाहेर पडतात, आणि त्या जाळ्यात शिरायच्या चोरवाटांना आमच्या धंद्यात पूल म्हणतात. पूल उभा आहे की पडला, हे रोज बघायचं असतं. त्यासाठी आम्ही जेवणाच्या डब्याएवढ्या पेट्या ठेवतो. एक पेटी त्या देशात, आणि एक अशा गावी जिथे कोणी काही अडवत नाही. तिकडे पूल उघडला नाही आणि इकडे उघडला, तर तिकडे अडवलाय. इकडेच उघडला नाही, तर पूलच पडलाय, मग तो तिकडे तपासतच नाही. इतकं सोपं.

इकडची पेटी पांढुर्ण्याला, माझ्या मामांच्या बांगड्यांच्या दुकानात.

आता ज्या बाईसाठी मी त्या दिवशी धावले तिच्याबद्दल. तिचं नाव मला माहीत नाही, आणि तिच्या देशाचं नाव मी सांगणार नाही. तिचा मुलगा दूर तिसऱ्याच देशात शिकतो आणि आमच्या मदतीच्या पत्त्यावर लिहितो. साध्या फोनवर कोणी ना कोणी ऐकत असतं म्हणून मायलेक फोनवर फक्त फळांचं बोलतात. मुलगा म्हणाला की बाजारात डाळिंबं आली, म्हणजे वाट मोकळी आहे, ये. डाळिंबं नासली म्हटलं की प्रयत्न करू नकोस. हे त्यानेच आम्हाला कळवलं होतं, आमच्या हो-नाहीवर तिकडे काय ठरतं ते आम्हाला समजावं म्हणून. आम्ही तिला डाळिंबवाली म्हणायचो. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवते, आणि येत्या शनिवारी तिच्या मणक्याचं ऑपरेशन होतं. मुलाला घरी जाता येत नव्हतं. गेला असता तर परत येऊ दिला नसता. ऑपरेशनच्या आधी तिला एकदा त्याचा चेहरा बघायचा होता, एवढंच.

तिच्या शहरासाठी बारा पूल होते. सोमवारपासून मी त्यांची तपासणी दुपारऐवजी रात्री साडेआठला ठेवली, कारण मायलेक त्याच वेळी बोलायचे. पेटी रात्री तपासते आणि सकाळी निकाल पाठवते. मंगळवारी सकाळी निकाल आला, बाराही पडलेले. बुधवारी तेच. गुरुवारी तेच.

पडलेल्या पुलावर पुन्हा पुन्हा जाणाऱ्यांकडे पहारेकऱ्यांचं लक्ष जातं, म्हणून आम्ही मंगळवारीच मुलाला नाही म्हणून कळवलं होतं. तीन दिवस तिच्याकडे डाळिंबं नासलेली होती. आणि आमचा नियम असा की सलग तीन दिवस पडलेली यादी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता आपोआप पुसली जाते. नवी यादी यायला दोन आठवडे. शनिवार परवावर होता.

मी अंकुरला फोन लावला. अंकुर आमचा प्रमुख, पुण्यात बसतो, शांत बोलतो, आणि त्याच्या शांत बोलण्यानेच माझं डोकं फिरतं. बारा पूल एका रात्रीत कसे पडतील, असं मी विचारलं. तो म्हणाला, यादी कोणीतरी फोडली असेल. मी म्हटलं, मला तसं वाटत नाही. तो म्हणाला, वाटण्यावर यादी थांबवता येत नाही, त्याच पेटीतून पुरावा दे. त्याचं म्हणणं बरोबर होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला.

पुरावा घरबसल्या मिळण्यासारखा नव्हता. पुलांचे पत्ते फक्त त्या पेटीत असतात, माझ्याकडेही नसतात. ती पेटी बाहेरून कोणाचं ऐकत नाही. तिच्याशेजारी बसून तार जोडावी लागते. निघण्याआधी मी मामांना फोन केला. नेट चालू आहे ना, तर हो, चालू आहे म्हणाले. रात्री काही त्रास होतो का, असं विचारलं.

"तरास कायचा? रातच्याले तं मी रोज नेट वाढवूनच जातो. वहीत लिहून ठेवलं ना," मामा म्हणाले.

पेटीला दोरीने एक वही मीच बांधून दिली होती. नेटमध्ये काही बदल झाला की तारीख घालून लिहायचं आणि फोटो पाठवायचा. मामा हे देवपूजेसारखं पाळायचे. तिन्ही दिवसांचे फोटो माझ्याकडे होते, ठळक गोल अक्षरात: रात्री ८, नेट वाढवलं. मी ते वाचून अंकुरला अभिमानाने सांगितलंही होतं की मामांनी आमच्यासाठी मोठा प्लॅन घेतलाय, रात्री वेग वाढवून ठेवतात. अशी माणसं कुठे मिळतात, असंही म्हणाले होते.

बस भरेपर्यंत हलली नाही. शेजारच्या माणसाने संत्र्याच्या कलमांची मोळी माझ्या पायावर टेकवली होती आणि तो लोधीखेड्याच्या कोण्या रोपवाटिकेवाल्याला फोनवर सारखं विचारत होता की ही जगतील ना. मला त्याच्यावरही ओरडावंसं वाटलं. पांढुर्ण्याला उतरले तेव्हा सव्वाचार वाजले होते.

दुकानात मामा गादीवर बसून एका मुलीच्या हातात हिरवा चुडा भरत होते. हिमानी तिचं नाव, रविवारी लग्न, सोबत आई. बांगड्या भरताना मामा हात सोडत नाहीत, मग कोणीही येवो. त्यांनी मानेनेच मला वरच्या फळीकडे जायला सांगितलं. फळीवर काचेच्या बांगड्यांचे डबे, मधोमध माझी पेटी, तिच्यावर हळदीकुंकू. मी स्टुलावर चढले, तार जोडली आणि बारा पूल तपासायला लावले. वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत मी नखं खाल्ली, पाणी प्यायले, आणि हिमानीच्या आईने माझं लग्न ठरलं का ते विचारून घेतलं.

निकाल आला. अकरा उभे. एक पडलेला.

मी दुकानाच्या पायरीवर येऊन अंकुरला कळवलं. आवाजात विजय होता, लपवला नाही. तो म्हणाला, हे तर जास्त वाईट आहे. दिवसा उघडतात आणि बरोबर त्या दोघांच्या वेळेला बंद होतात, याचा अर्थ त्यांची वेळ कोणाला तरी माहीत आहे. तसं असेल तर त्या बाईला त्या पुलावर पाठवणं म्हणजे तिला पकडून देणं. यादी गेलेलीच बरी.

इतका वेळ मला फक्त मायलेकांची भेट चुकेल याची भीती होती. आता वाटलं, आपण आणखी एक तास भांडून एका बाईला तुरुंगात घालणार आहोत. अंकुर चुकत नव्हता. त्याच्या जागी मीही हेच केलं असतं. पाच वीस झाले होते, आणि सहा वाजता जे होणार होतं ते होऊ द्यावं असं मी जवळजवळ ठरवलं.

आत येऊन बसले. मामांनी माझा चेहरा बघितला आणि पाण्याचा तांब्या सरकवला. हिमानीचा हात जरा मोठा होता, बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडत होती. मामा बोटं दाबत, काहीबाही बोलत तिचं लक्ष दुसरीकडे नेत होते. तेवढ्यात कट् असा आवाज आला आणि हिरव्या काचेचे दोन तुकडे गादीवर पडले.

"अगं बाई, फुटली," हिमानीची आई म्हणाली.

मामांनी तिच्याकडे असं बघितलं की ती बिचारी पदर सावरून बसली.

"वाढली म्हणा बाई, वाढली. लगनाच्या हाताले असं बोलत नाई," मामा म्हणाले, आणि तुकडे उचलून दुसरी बांगडी घेतली.

मी तांब्या तोंडाला लावला होता. तो तसाच राहिला.

बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. आणि दुकान बंद करत नाहीत, दुकान वाढवतात. हे मला कोणी शिकवायला नको होतं. लहानपणी सुट्टीत मी याच गादीवर लोळून ऐकलं होतं, मामा दुकान वाढवून येतील मग जेवू. बंद हा शब्द या चार भिंतींत उच्चारलेला मी कधी ऐकलेला नाही. पण पुण्यात आठ वर्षं काढली आणि तिथे नेट वाढवलं म्हणजे नेट वाढवलंच. माझ्या डोक्यात ते एकाच दिशेने वाढत होतं.

मी मामांना विचारलं, रात्री दुकान वाढवता तेव्हा काय काय वाढवता?

"सगळंच. दिवे, पंखे, नेट. मेन स्विचच खाली पाडतो, उगाच शॉर्टसर्किटचं झंझट नको," ते बांगडीवरची नजर न हलवता म्हणाले. "तुह्यं डब्बं तेवढं वाढत नाई. त्याले तू बॅटरी लावून ठेवली ना, ते रातभर लुकलुक करून राहते."

मी कपाळावर हात मारला, चांगला जोरात. हिमानी दचकली.

आता माझी चूक ऐका, कारण मामांची काहीच नव्हती. लाइट गेली तरी पेटी चालावी म्हणून तिला बॅटरी मी बसवली, आणि नेटच्या डब्याला बसवली नाही. मामा रात्री आठला मेन स्विच पाडून जेवायला जात. साडेआठला पेटी अंधारात एकटी बसून बारा पुलांकडे जायला बघे. नेटच नसल्यामुळे कुठेच पोहोचत नसे, आणि प्रामाणिकपणे लिहून ठेवी की बाराही पडले. खरं म्हणजे कुठलाही पूल तपासण्याआधी पेटीने आपलं स्वतःचं नेट चालू आहे का ते बघावं, हा या कामातला अगदी पहिला धडा आहे. मी तो दिवसातून एकदा, सकाळी दहाला लावून ठेवला होता. दर वेळी कशाला, मामांचं नेट उगाच खर्च होईल, असा विचार केला होता. दुपारी तपासणी होती तोवर चाललं. रात्रीची वेळ मी लावली आणि हा धडा तिथेच विसरले. तीन दिवस एक बाई आपल्या मुलाला बघायचं सोडून बसली होती, आणि पहारेकऱ्यांनी काही केलंच नव्हतं. मीच केलं होतं.

अंकुरला हे सांगितलं तेव्हा तो पुन्हा पुरावा म्हणाला. या वेळी मला राग आला नाही. पुरावा सोपा होता. नेट काढून पेटी तपासायला लावायची. रात्रीसारखाच निकाल आला, अगदी त्या एरवीही पडलेल्या पुलासकट बाराही पडलेले दिसले, तर रात्रीचं कोडं सुटलं. मी मामांना म्हटलं, पाच मिनिटं मेन स्विच पाडा.

मामांनी साफ नकार दिला. दिवसाउजेडी दुकान वाढवत नाहीत, आणि नवरीचा हात हातात असताना तर नाहीच नाही. मी डाळिंबवालीचं सांगितलं, घाईघाईत, अर्धं मराठी अर्धं हिंदी. एक आई आहे, परवा ऑपरेशन आहे, लेकराशी बोलायचं आहे, सहा वाजले की वाट पुसली जाते. मामांनी ऐकलं. हिमानीची आई तर डोळे पुसायला लागली, तिची पोर रविवारी जाणार होती.

"मेन नाई पाडत," मामा शेवटी म्हणाले. "तू ते नेटची तेवढी पिन काढ. पण तोंडानं काई बोलू नको."

मी तोंडाने काही न बोलता पिन काढली. जाण्यासाठी वाटच नसली की पेटी लवकर हार मानते, चार मिनिटांत निकाल लिहून मोकळी झाली. बाराही पडलेले. पिन पुन्हा लावली, निकाल पाठवला, सोबत वहीचा फोटो आणि खाली एक ओळ की वाढवलं या शब्दाचा अर्थ आमच्याकडे काय होतो. मग फोन हातात धरून बसले. पाच एक्कावन्नला अंकुरचा संदेश आला: यादी राखली, पडलेला एक काढला, अकरा तिकडेही मोकळे. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती. तुझ्या मामांना माझा नमस्कार सांग.

जीव भांड्यात पडला. मी गादीवर पाय पसरले आणि हसायला लागले, मला ते थांबवताच येईना. हिमानीच्या हातात शेवटची बांगडी चढली होती, ती दोन्ही हात वाजवून बघत होती आणि तीही हसायला लागली, कशाला ते तिला नक्की माहीत नसेल.

मुलाला मी लगेच लिहिलं: डाळिंबं आली, अकरा पेट्या, ताजी. मग वाट बघणं. मामींनी घरून डब्यात मुगाची भजी पाठवली होती, ती मी एकटीने संपवली. मामांना नीट बघून घेण्याइतकी सवड आता मला होती. मामा म्हातारे झालेत हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, बांगड्यांचे डबे लावताना एक हात कमरेवर ठेवून उभे राहतात. सांगितलेलं एकही काम त्यांनी चुकवलं नव्हतं, आणि मी बसमध्ये दोन तास त्यांच्यावर चिडत आले होते की नेटचं काहीतरी बिघडवून ठेवलं असेल. मी त्यांची माफी मागितली. कशाची, असं त्यांनी विचारलं. सांगितल्यावर म्हणाले, तू लहानपणापासून अशीच आहे.

सात वीसला मुलाचं उत्तर आलं. त्यांना साडेआठपर्यंत धीर धरवला नव्हता. आई पलंगावर उशांना टेकून बसली होती, केस विंचरून आली होती, तो जेवतो की नाही हे तिने अर्धा तास विचारलं आणि ऑपरेशनबद्दल दोन वाक्यं बोलली. परवा सकाळी पुन्हा बोलायचं ठरलं होतं. शेवटी त्याने लिहिलं होतं, आई विचारते की तीन दिवस काय झालं होतं, तिला वाटलं तुम्ही लोकांनी आमच्यासाठी दुकान बंद केलं.

मी हे मामांना मराठीत वाचून दाखवलं. मामांनी हातातला बांगड्यांचा डबा फळीवर ठेवला.

"तिले लिहून दे," ते म्हणाले. "बंद नोतं केलं. वाढवलं होतं."

मी तसंच लिहिलं. शब्द कसा समजावायचा ते कळेना, मग चार ओळी लिहिल्या, बांगडीची गोष्टही लिहिली. मुलाने आईला ती वाचून दाखवली असावी, कारण पाचच मिनिटांत आलेल्या उत्तरात नुसतं एवढंच होतं की ती हसली, आणि तिला हसताना पाठीत कळ येते तरी हसली.

आठ वाजत आले. मी नेटच्या डब्याची पिन मेनच्या लाइनीतून काढून पेटीच्या बॅटरीला जोडून दिली, आणि दर तपासणीआधी नेट बघायचा धडा पेटीला परत शिकवला. मामांनी पंखा वाढवला, दिवे वाढवले, मेन स्विच खाली पाडला. अंधारात फळीवरचे दोन हिरवे दिवे तेवढे राहिले, एक पेटीचा, एक नेटचा. मामांनी त्यांच्याकडे बघून घेतलं. मग मोबाइलचा उजेड माझ्या हातात दिला, वही घेतली आणि उभ्याउभ्याच लिहिलं: रात्री ८, दुकान वाढवलं. नेट ठेवलं.